सप्तशृंगी देवी मंदिर

सप्तशृंगी देवी मंदिर हे महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडावर असलेले देवीचे प्राचीन तीर्थस्थान आहे. सह्याद्रीच्या सातमाळा रांगेतील एका उभ्या कड्याच्या पोटात, डोंगराच्याच खडकातून प्रकटलेली अष्टादशभुजा महिषासुरमर्दिनी येथे पूजिली जाते. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी ‘अर्धे पीठ’ म्हणून या स्थानाची ख्याती आहे. नाशिक शहरापासून गड सुमारे ६० किलोमीटर अंतरावर असून नांदुरी हे पायथ्याचे गाव आहे. चैत्रोत्सव व शारदीय नवरात्र हे येथील दोन प्रमुख उत्सव होत.

बहुतेक देवस्थानांत मूर्ती घडवून तिची मंदिरात प्रतिष्ठापना केलेली असते. येथे मूर्ती डोंगराचाच भाग असल्याने ती हलवता येत नाही, बदलता येत नाही आणि झिजल्यास तिच्या जागी दुसरी बसवता येत नाही. कड्याची स्थिती, पाण्याचा पाझर, मूर्तीवर चढत गेलेला शेंदूर, भाविकांची वाट आणि त्यांची सुरक्षितता हे सारे प्रश्न या एका वैशिष्ट्याशी जोडलेले आहेत.

नाव व व्युत्पत्ती

‘सप्त’ म्हणजे सात आणि ‘शृंग’ म्हणजे शिखर. सात शिखरांनी वेढलेल्या स्थानी राहणारी ती सप्तशृंगी किंवा सप्तशृंगनिवासिनी. ‘शृंग’ या संस्कृत शब्दात ‘श’ला ऋकार जोडलेला आहे. त्यामुळे ‘सप्तश्रृंगी’ हे फलकांवर व छापील मजकुरात वारंवार दिसणारे लेखन व्युत्पत्तीच्या दृष्टीने अशुद्ध ठरते.

लोकांच्या बोलण्यात मात्र हे नाव क्वचितच पूर्ण येते. परिसरात नुसते ‘गड’ म्हटले तरी सप्तशृंग गड असाच अर्थ घेतला जातो. दूरचे भाविक देवीला ‘वणीची देवी’ म्हणतात. वणी हे गाव प्रत्यक्षात दिंडोरी तालुक्यात, गडाच्या दक्षिणेस आहे. नाशिककडून येणाऱ्या वाटेवरची ती मोठी बाजारपेठ असल्याने तिचे नाव देवीशी जोडले गेले. वणी गावातही जगदंबेचे मंदिर असून नवरात्रात तेथेही मोठी गर्दी होते.

स्थान व भूरचना

सातमाळा ही सह्याद्रीची पूर्व-पश्चिम पसरलेली उपरांग आहे. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप हे किल्ले याच रांगेत आहेत. ही रांग जलविभाजकाचे काम करते. उत्तर उतारावरील पाणी गिरणेमार्फत तापीच्या खोऱ्यात, तर दक्षिण उतारावरील पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. रांगेच्या एका बाजूस खानदेशाकडे जाणारा मुलूख आणि दुसऱ्या बाजूस नाशिकचा सपाट प्रदेश असल्याने, दोन्हीकडच्या लोकांचे हे दैवत झाले.

गडाचा खडक दख्खनच्या पठारावरील इतर डोंगरांप्रमाणे बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. यातील टणक थरांचे उभे कडे बनतात, तर ठिसूळ थर लवकर झिजून त्यांच्या जागी उतार वा सपाटी तयार होते. सप्तशृंग गडाची पायऱ्यापायऱ्यांची रचना अशीच आहे. नांदुरीपासून चढत गेल्यावर डोंगराच्या मधल्या टप्प्यावर एक विस्तीर्ण सपाटी लागते. गडावरची वस्ती, बाजार, धर्मशाळा व कुंडे या सपाटीवर आहेत. तिच्यावर शिखराचा उभा कडा उठलेला असून देवीचे स्थान त्या कड्याच्या पोटात आहे.

सच्छिद्र थरातून झिरपणारे पाणी खालच्या टणक थरावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. गडावर १०८ कुंडे असल्याची परंपरा आहे. त्यांपैकी शिवालय तीर्थ, सूर्यकुंड व कालीकुंड ही विशेष प्रसिद्ध आहेत. गडाच्या कडेला असलेला ‘शीतकडा’ नावाचा खोल तुटलेला कडाही प्रसिद्ध आहे. एवढी कुंडे असूनही यात्राकाळातील लोकसंख्येला हे पाणी पुरत नाही. त्यामुळे गडावरील भवानी पाझर तलावातील साठ्यावर मोठी भिस्त असते.

पौराणिक कथा व लोकपरंपरा

देवीची कथा मार्कंडेय पुराणातील ‘देवीमाहात्म्य’ या भागावर आधारलेली आहे. तेरा अध्यायांचा हा भाग ‘दुर्गासप्तशती’ या नावाने स्वतंत्रपणे पठण केला जातो. महिषासुराने देवांना स्वर्गातून हाकलून दिल्यावर सर्व देवांच्या तेजातून एक स्त्रीरूप प्रकट झाले आणि प्रत्येक देवाने तिला आपले आयुध दिले. शंकराने शूल, विष्णूने चक्र, वरुणाने शंख व पाश, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य व बाणांचे भाते, इंद्राने वज्र व घंटा, यमाने दंड, ब्रह्मदेवाने कमंडलू, विश्वकर्म्याने परशू, तर हिमालयाने वाहन म्हणून सिंह दिला. या सामर्थ्यानिशी देवीने महिषासुराचा वध केला.

पुराणातील या युद्धाचे स्थळ सप्तशृंग गड होय, अशी स्थानिक श्रद्धा आहे. महिषासुराचा वध केल्यानंतर देवी विश्रांतीसाठी या डोंगरावर राहिली, असे सांगितले जाते. पायऱ्यांच्या आरंभी महिषासुराचे छोटे मंदिर असून तेथे रेड्याचे शिर आहे. देवीकडे जाणारे भाविक आधी त्याचे दर्शन घेतात. डोंगराच्या माथ्याजवळील एक आरपार भोक देवीच्या त्रिशूळाच्या प्रहाराने पडले, अशीही समजूत आहे.

गडासमोर, खिंडीपलीकडे मार्कंड्या डोंगर आहे. मार्कंडेय ऋषी तेथे बसून देवीची स्तुती करीत आणि देवी ती मान कलती करून ऐकत असे, ही या परिसरातील सर्वांत लाडकी कथा. मूर्तीची मान किंचित कललेली आहे, त्याचे कारण लोक असेच सांगतात. अशा रीतीने मूर्तीचा एक बारकावा, समोरचा डोंगर आणि एक ग्रंथ हे तिन्ही एकाच कथेत गुंफले गेले आहेत.

दुसऱ्या एका कथेनुसार लक्ष्मणासाठी द्रोणागिरी घेऊन जाणाऱ्या हनुमंताच्या हातून पर्वताचा जो तुकडा खाली पडला, तोच हा डोंगर. गडाच्या परिसरात औषधी वनस्पती विपुल असल्याने ही कथा रुजली असावी. नाथसंप्रदायातही या स्थानाला मान असून संत निवृत्तिनाथांनी येथे उपासना केल्याची परंपरा सांगितली जाते.

साडेतीन शक्तिपीठांतील स्थान

कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची तुळजाभवानी आणि माहूरची रेणुका ही महाराष्ट्रातील तीन पूर्ण पीठे आणि सप्तशृंगी हे अर्धे पीठ, अशी परंपरागत गणना आहे. सतीच्या देहाचे अवयव जेथे पडले त्या, सामान्यतः ५१ मानल्या जाणाऱ्या, अखिल भारतीय शक्तिपीठांच्या गणनेहून ही गणना वेगळी आहे. ती महाराष्ट्राची स्वतःची आहे. साडेतीन मुहूर्तांप्रमाणेच ‘साडेतीन’ हा आकडा येथेही रूढ झाला.

‘अर्धे’ या शब्दामुळे हे पीठ इतर तिन्हींपेक्षा कमी महत्त्वाचे असावे, असा समज होऊ शकतो. परंपरेतील स्पष्टीकरण नेमके उलट आहे. ओंकारात अ, उ, म या तीन मात्रा आणि त्यापुढची उच्चारता न येणारी अर्धमात्रा असते. ही अर्धमात्रा तिन्ही मात्रांच्या पलीकडची, म्हणून सर्वांत सूक्ष्म मानली जाते. सप्तशतीच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव देवीची स्तुती करताना तिचे अर्धमात्रास्वरूप वर्णितात. याच अर्थाने सप्तशृंगीला ओंकाराची अर्धमात्रा समजतात. महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती या तिन्ही रूपांचे येथे ऐक्य आहे, अशीही भाविकांची धारणा आहे.

मूर्ती

कड्यातील एका कमानीसारख्या कोनाड्यात देवीची उभी मूर्ती आहे. तिची उंची सुमारे आठ ते दहा फूट सांगितली जाते. मूर्तीला अठरा हात असून ते दोन्ही बाजूंना नऊ-नऊ असे आहेत. ती स्वयंभू म्हणजे कोणी न घडवता प्रकटलेली मानली जाते.

अठरा हातांच्या देवीचे वर्णन सप्तशतीला जोडून वाचल्या जाणाऱ्या ‘वैकृतिक रहस्य’ या प्रकरणात येते. तेथे महिषासुरमर्दिनी महालक्ष्मीच्या हातांत उजवीकडच्या खालच्या हातापासून क्रमाने अक्षमाला, कमळ, बाण, तलवार, वज्र, गदा, चक्र, त्रिशूळ, परशू, शंख, घंटा, पाश, शक्ती, दंड, ढाल, धनुष्य, पानपात्र व कमंडलू अशी आयुधे व वस्तू सांगितल्या आहेत. सप्तशृंगीच्या आयुधांचे वर्णनही याच परंपरेत बसते. म्हणजेच शस्त्रांच्या जोडीला जपमाळ व कमंडलूही आहे. देवी एकाच वेळी योद्धा आणि तपस्विनी आहे, हे त्यातून सूचित होते.

मूर्तीच्या आकारमानामुळे देवीला नेहमीची साडी पुरत नाही. तिला अकरा वारी साडी नेसवली जाते आणि चोळीसाठी तीन खण लागतात. डोक्यावर मुकुट, कर्णभूषणे, नथ, मंगळसूत्र, कमरपट्टा असा तिचा साज असतो. पहाटेची काकड आरती, पंचामृत महापूजा, मध्यान्हीचा महानैवेद्य आणि सायंकाळची आरती असा नित्यक्रम आहे.

शेंदूरलेपन व २०२२ मधील संवर्धन

मूर्तीला शेंदूर लावण्याची प्रथा जुनी आहे. शेंदूर तेलात कालवून लावला की तो सुकून घट्ट बसतो. पूजेचे अंग म्हणून तो वरचेवर लावला जात राहिल्याने थरावर थर चढत जातात. हा लेप एका परीने दगडाचे रक्षण करतो, परंतु त्याखाली मूर्तीची मूळ ठेवण हळूहळू बुजते. लेपाचे वजन वाढते, त्याला भेगा पडतात आणि आतल्या दगडाची अवस्था काय आहे, हे बाहेरून कळेनासे होते. महाराष्ट्रात मारुती, गणपती किंवा ग्रामदेवतांच्या शेंदूरचर्चित मूर्तींचा असा लेप आपोआप गळून पडल्याच्या घटना अधूनमधून घडतात. त्याला ‘देवाने कवच सोडले’ असे म्हणतात.

सप्तशृंगीच्या बाबतीत लेप आपोआप गळण्याची वाट पाहणे धोक्याचे होते. मूर्ती कड्याशी एकजीव असल्याने लेपाबरोबर खडकाचा अंशही निघाला, तर ती हानी भरून काढता आली नसती. म्हणून तज्ज्ञांचा सल्ला घेऊन लेप काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी जुलै २०२२ पासून मंदिर दर्शनासाठी बंद ठेवण्यात आले आणि या काळात भाविकांसाठी पर्यायी दर्शनाची सोय करण्यात आली. धार्मिक विधी व संवर्धनाचे काम यांची सांगड घालत एक हजार किलोग्रॅमहून अधिक शेंदूर टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आला. त्यानंतर २६ सप्टेंबर २०२२ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी मंदिर पुन्हा उघडले.

या कामानंतर मूर्तीचे दिसणे बदलले. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांच्या मनात ठसलेली देवी म्हणजे रुंद चेहऱ्याची, ठळक डोळ्यांची, शेंदरी वर्णाची मूर्ती. घरोघरच्या तसबिरींतही तेच रूप होते. लेप उतरल्यावर चेहऱ्याची घडण, आयुधे व वस्त्रालंकारांचे बारकावे अधिक स्पष्ट झाले. मूर्तीचे ‘खरे’ रूप कोणते, दगडातले की श्रद्धेने घडवत आणलेले, हा प्रश्न यानिमित्ताने पुढे आला. शेंदूर हा पूजेचाच भाग असल्याने तो केवळ बाहेरून साचलेला मळ समजता येत नाही. तसेच त्याखालचा दगड टिकला नाही, तर पूजेचा आधारच उरत नाही. शेंदूरचर्चित प्राचीन मूर्तींच्या जतनात ही दुहेरी जबाबदारी सर्वत्र येते. सप्तशृंगीचे उदाहरण त्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पायऱ्या व मंदिराची वाट

गडावरील वस्तीपासून देवीपर्यंत सुमारे ५०० पायऱ्या आहेत. त्यांतील जुन्या पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी इ.स. १७१० च्या सुमारास बांधविल्याचे सांगितले जाते. उमाबाई या मराठ्यांचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. त्यांचे माहेर अभोणा येथील ठोके देशमुखांचे घराणे होते. अभोणा हे गाव कळवण तालुक्यातच आहे. गडाच्या परिसरात वाढलेल्या कन्येने ही वाट सुकर केली, असा या कामाचा संदर्भ आहे. पती खंडेराव आणि त्यानंतर १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पुत्र त्रिंबकराव यांचा मृत्यू झाल्यावर उमाबाईंनी सेनापतिपदाचा कारभार स्वतः सांभाळला. मराठ्यांच्या इतिहासात हे दुर्मीळ उदाहरण आहे. पायऱ्यांच्या वाटेवर जुने शिलालेखही आहेत.

पायऱ्या चढणे शक्य नसलेल्या वृद्ध व अपंग भाविकांना पूर्वी डोलीचा आधार घ्यावा लागे. २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. रुळांवरून तारेच्या साहाय्याने वर ओढल्या जाणाऱ्या या डब्यांमुळे पायऱ्यांची वाट काही मिनिटांत पार होते.

उत्सव

चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून पायी दिंड्या निघतात. उन्हाच्या तडाख्यात कित्येक दिवस चालत येणाऱ्या या भाविकांचा गडाशी असलेला संबंध नात्याचा आहे. खानदेश हे देवीचे माहेर मानले जाते. त्यामुळे चैत्रातली यात्रा ही माहेरच्या माणसांची भेट समजतात. अहिराणी बोलीतील देवीची गाणी या वाटेवर ऐकू येतात. गुजरातमधूनही अनेक भाविक येतात.

शारदीय नवरात्रात घटस्थापनेपासून विजयादशमीपर्यंत गडावर अखंड गर्दी असते. त्यानंतर कोजागरी पौर्णिमेला कावडधारक नर्मदा, तापी, गोदावरी अशा नद्यांचे जल घेऊन येतात आणि त्या जलाने देवीला अभिषेक होतो. त्याच रात्री तृतीयपंथी समाजाचा मोठा मेळा गडावर भरतो. समाजाने दूर लोटलेल्या या लोकांना देवीच्या दारी मानाने जमता येते, हे या रात्रीचे वैशिष्ट्य.

कीर्तिध्वज

चैत्रोत्सवात व नवरात्रात शिखरावर कीर्तिध्वज फडकवला जातो. हा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याकडे परंपरेने चालत आला आहे. ध्वजाची पूजा व मिरवणूक झाल्यावर मानकरी ध्वज, काठी व पूजासाहित्य घेऊन रात्री शिखराकडे निघतात. शिखरावर जाण्यास रुळलेली वाट नाही. एरवी तेथे कोणी जातही नाही. रात्रीच्या अंधारात उभा कडा चढून लावलेला ध्वज पहाटे दिसला की भाविक त्याचे दर्शन घेतात.

बळीची प्रथा

विजयादशमीला गडावर बोकडबळी देण्याची प्रथा होती. त्या वेळी बंदुकीने सलामी दिली जात असे. २०१६ च्या दसऱ्याला चुकून गोळी सुटून बारा जण जखमी झाले. त्यानंतर २०१७ पासून प्रशासनाने गडावर बळी देण्यास बंदी घातली. परिसरातील आदिवासी समाजाच्या दृष्टीने ही जुनी धर्मपरंपरा असल्याने बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. २०२२ मध्ये न्यायालयाने अटींसह ही प्रथा पाळण्यास परवानगी दिली. प्राणिहत्येला असलेला आक्षेप, गर्दीतील सुरक्षितता आणि परंपरेचा हक्क असे तीन निरनिराळे मुद्दे या वादात एकत्र आले होते.

कळवण-सुरगाणा परिसरात कोकणा व भिल्ल समाजांची मोठी वस्ती आहे. या समाजांचा ‘डोंगऱ्यादेव’ हा उत्सव मार्गशीर्षात होतो. डोंगरालाच देव मानण्याची ही परंपरा लक्षात घेतली, तर खडकातच देवी पाहणाऱ्या सप्तशृंगीच्या उपासनेची पार्श्वभूमी अधिक स्पष्ट होते.

वाहतूक व सुरक्षितता

नाशिकहून दिंडोरी, वणी व नांदुरीमार्गे गडावर जाता येते. नांदुरी ते गड हा सुमारे दहा किलोमीटरचा घाटरस्ता आहे. यात्राकाळात खासगी वाहने नांदुरीला थांबवून पुढील वाहतूक केवळ एसटी बसने केली जाते. या निर्बंधामागे घाटातील अपघातांचा अनुभव आहे. जानेवारी २००८ मध्ये भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला होता.

दुसरा धोका कड्याचा आहे. बेसाल्टच्या भेगांत पाणी शिरते, मधले ठिसूळ थर झिजतात आणि वरचे खडक सुटे होतात. पावसाळ्यात दरड कोसळण्याची शक्यता त्यामुळे वाढते. म्हणून मंदिरावरच्या कड्याला संरक्षक जाळी बसवण्यात आली आहे. परंतु हा उपाय खालच्या माणसांना वाचवतो. खडकाचे झिजणे त्याने थांबत नाही. देवी, मंदिर आणि डोंगर येथे एकमेकांपासून वेगळे नसल्यामुळे गडावरील वाढते बांधकाम, सांडपाणी व वृक्षतोड यांवरील नियंत्रण हा मूर्तीच्या जतनाचाही भाग ठरतो.